नगराध्यक्ष, रावबहादूर आणि देशमुख: पद कोणते, किताब कोणता?

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. आपले पणजोबा जिल्ह्यातील एका नगरपालिकेचे अध्यक्ष होते आणि त्यांना इंग्रज सरकारकडून ‘रावबहादूर’ हा किताब मिळाला होता. त्यांच्याही आधीच्या मोडी कागदांत घराण्याचा उल्लेख ‘देशमुख’ असा येतो, आणि एका पत्राच्या आरंभी पूर्वजाला ‘राजश्री’ म्हटलेले आहे. या साऱ्याच्या आधारे मुलीच्या लग्नपत्रिकेत आणि वाड्याच्या नव्या पाटीवर ‘श्रीमंत सरदार’ असे लिहावे का, हे आपल्याला ठरवायचे आहे. लंडनचा मेयर ‘लॉर्ड’ असतो, त्या अर्थी आपले नगराध्यक्षही सरदारच ठरतात, असा आपल्या मामेभावांचा युक्तिवादही आपण सोबत दिला आहे.

मी नाशिकमध्ये मोडी कागद वाचण्याचे आणि घराण्यांचे इतिहास लावून देण्याचे काम करतो, त्यामुळे हा प्रश्न निरनिराळ्या रूपांत माझ्यासमोर नेहमी येतो. माझ्या मते पत्रिकेत काय छापावे, ही यातली खरी अडचण नाही. आपल्या कागदांत चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकाच पुडक्यात बांधल्या गेल्यामुळे एकसारख्या दिसत आहेत, ही खरी अडचण आहे. नगराध्यक्ष हे पद आहे, रावबहादूर हा किताब आहे, देशमुखी हे वतन आहे आणि ‘राजश्री’ हा निव्वळ पत्राचा मायना आहे. या चौघांची गाठ सोडवली की बाकीचे बरेचसे आपोआप सुटते. मात्र देशमुखीच्या बाबतीत पुष्कळ काही आपल्या घराण्याच्या विशिष्ट कागदांवर अवलंबून आहे आणि ते कागद न पाहता कोणीही छातीठोकपणे उत्तर देऊ नये.

प्रथम पद आणि किताब यांतला मूळ भेद पाहू. पद हे खुर्चीला चिकटलेले असते. माणूस येतो, कारभार पाहतो, मुदत संपली की चार्ज देऊन जातो, आणि खुर्ची तिथेच राहते. त्यामुळे पदाला कागदोपत्री नेहमी एक पूर्वाधिकारी आणि एक उत्तराधिकारी सापडतो, काही विशिष्ट काम नेमून दिलेले असते आणि ते न केल्यास जाब विचारणारे कोणीतरी असते. किताब माणसाला चिकटतो किंवा त्याच्या वंशाला. त्याला नेमून दिलेले काम नसते आणि चार्ज देण्याचा प्रसंगही नसतो.

हा भेद रिकाम्या खुर्चीवरून सर्वांत स्पष्ट दिसतो. नाशिकची नगरपालिका १८६४ सालची. तिची महापालिका ७ नोव्हेंबर १९८२ रोजी झाली, पण महापालिकेची पहिली निवडणूक १९९२ मध्ये झाली आणि तोवर कारभार प्रशासकांनी पाहिला. म्हणजे त्या दहा वर्षांत कायद्याच्या पुस्तकात महापौरपद होते, फक्त त्यावर बसलेला माणूस नव्हता. किताबाच्या बाबतीत असे घडूच शकत नाही, कारण धारण करणारा कोणी उरला नाही की तो किताब संपतो. शिवाय आज महापौरपदाची मुदत अडीच वर्षांची आहे आणि ते कोणत्या प्रवर्गासाठी राखीव ठेवायचे हे सोडतीने ठरते. ज्याची सोडत निघते त्याला सरदारकी म्हणता येणार नाही, हे आपल्या मामेभावांनाही पटावे.

एक सोपी चाचणी मी नेहमी सुचवतो. शब्दाआधी ‘माजी’ लावून पाहावे. ‘माजी नगराध्यक्ष’, ‘माजी सभापती’, ‘माजी पोलीस पाटील’ हे सगळे नीट बसते, कारण ही पदे आहेत. ‘माजी रावबहादूर’ असे कोणी म्हणत नाही. पद सोडताना राजीनामा दिला जातो. किताब सोडायचा तर तो परत करावा लागतो, जसा रवींद्रनाथ टागोरांनी जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर १९१९ मध्ये ‘सर’ हा किताब परत करण्याचा निर्णय व्हाइसरॉयना कळवला.

आता आपल्या पणजोबांकडे वळू. नगरपालिकांच्या सुरुवातीच्या काळात अध्यक्षपद बहुधा कलेक्टर किंवा त्याच्या हाताखालच्या सरकारी अधिकाऱ्याकडेच असे. १८८२ च्या लॉर्ड रिपनच्या ठरावानंतर निवडून आलेल्या बिनसरकारी सभासदांना हळूहळू वाव मिळत गेला. त्यामुळे आपले पणजोबा निवडून आलेले अध्यक्ष असतील तर ती त्यांच्या गावाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट आहे, आणि खरे सांगायचे तर मला ती रावबहादूरकीपेक्षा अधिक मोलाची वाटते. नगरपालिकेच्या सभांची जुनी इतिवृत्ते उपलब्ध असतील तर ती अवश्य पाहावीत. नळपाणी, दिवाबत्ती, घरपट्टी यांवरचे ठराव त्यांत असतात आणि अध्यक्ष म्हणून त्या माणसाने काय केले हे तिथेच कळते.

रावबहादूरकी हा इंग्रजांनी दिलेला वैयक्तिक किताब होता. त्यात पायऱ्या होत्या: हिंदूंसाठी आपल्याकडे खाली रावसाहेब, वर रावबहादूर आणि त्याहून वर दिवाणबहादूर, मुसलमान आणि पारशी गृहस्थांसाठी खानसाहेब आणि खानबहादूर. उत्तर हिंदुस्थानात ‘राव’च्या जागी ‘राय’ असे. नववर्षदिनी आणि राजाच्या वाढदिवशी किताबांच्या याद्या जाहीर होत. नगरपालिका, लोकल बोर्ड, न्यायखाते, महसूल, इंजिनिअरिंग अशा क्षेत्रांत नाव कमावलेल्यांना हे किताब मिळत, आणि म्हणूनच नगराध्यक्ष आणि रावबहादूर ही जोडी जुन्या कागदांत इतक्या वेळा दिसते. परंतु जोडी दिसते म्हणून दोन्ही एक होत नाहीत. अध्यक्षपद गेले तरी रावबहादूरकी राहत असे, आणि रावबहादूर वारला की ती त्याच्याबरोबर संपत असे. मुलाला ती मिळत नसे.

वंशपरंपरेने चालणारा इंग्रजी मान फारच थोड्या हिंदी घराण्यांना मिळाला. मुंबईचे जमशेटजी जीजीभाई १८४२ मध्ये ‘सर’ झाले, तो मान त्यांच्यापुरता होता. १८५७ मध्ये ते बॅरोनेट झाले, तो मात्र वंशपरंपरागत होता. सत्येंद्र प्रसन्न सिन्हा १९१९ मध्ये बॅरन झाले, म्हणजे खऱ्या अर्थाने ‘लॉर्ड’, आणि तो किताब त्यांच्या मुलाकडे गेला. आपल्या पणजोबांची सनद यांपैकी कशातच बसत नाही.

मामेभावांच्या युक्तिवादाला उत्तर देतो. लंडनच्या जुन्या सिटीचा लॉर्ड मेयर एका वर्षासाठी निवडला जातो. त्यातला ‘लॉर्ड’ हा त्या पदाच्या नावाचा भाग आहे. वर्ष संपले की तो मावळत्या मेयरबरोबर घरी जात नाही आणि त्यामुळे त्याला उमरावांच्या सभागृहात जागाही मिळत नाही. २००० सालापासून निवडला जाणारा संपूर्ण लंडनचा मेयर हे वेगळेच पद आहे आणि त्याच्या नावात ‘लॉर्ड’ नाही. अर्थात मामेभाऊ अगदीच हवेत बोलत नाहीत, कारण उलटे उदाहरणही आहे. फ्रान्समधील तुलूझ शहराच्या कापितूल नावाच्या नगराधिकाऱ्यांना राज्यक्रांतीपूर्वी पदाबरोबर उमरावपद मिळत असे आणि ते पुढे वंशजांकडे जात असे, त्यामुळे श्रीमंत व्यापारी त्या पदासाठी धडपडत. पण तशी स्पष्ट तरतूद होती म्हणून तसे घडत होते. आपल्या मुंबई इलाख्यातील नगरपालिका कायद्यांत असे काहीही नव्हते.

आता सर्वांत गुंतागुंतीच्या भागाकडे येतो. आपल्याकडे पद आणि वंश यांची सरमिसळ इतकी जुनी आहे की नुसत्या शब्दावरून निवाडा करता येत नाही. याचा उत्तम दाखला आपल्या गोदाकाठी उभा आहे. पंचवटीतील रामेश्वराचे मंदिर, ज्याला सगळे नारोशंकराचे मंदिर म्हणतात, ते १७४७ मध्ये नारोशंकर राजेबहाद्दर यांनी बांधले. (मोठ्या आवाजात बोलणाऱ्याला नाशिककर ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात, ती घंटा याच मंदिराची.) नारोशंकर पेशव्यांचे सरदार होते, मालेगावचा भुईकोट त्यांनीच बांधला आणि झाशीची सुभेदारी त्यांच्याकडे होती. पुढे त्यांना झाशीहून परत बोलावण्यात आले आणि सुभेदारी दुसऱ्याकडे गेली. ‘राजेबहाद्दर’ मात्र कोणी काढून घेतले नाही. ते त्यांच्या नावाबरोबर राहिले आणि वंशजांचे आडनाव होऊन आजतागायत चालत आले. एकाच माणसाच्या बाबतीत पद गेले आणि किताब टिकला, याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

परंतु त्याच झाशीची पुढची कथा नेमकी उलट आहे. नंतर ती सुभेदारी नेवाळकर घराण्याकडे आली आणि तिथेच स्थिरावली. १८१७ च्या तहात इंग्रजांनी झाशीचा कारभार रामचंद्ररावांकडे वंशपरंपरेने मान्य केला आणि १८३२ मध्ये गव्हर्नर जनरल बेंटिंकने त्यांना ‘राजा’ हा किताब दिला. नेमलेल्या अधिकाऱ्याची खुर्ची दोन-तीन पिढ्यांत गादी झाली. १८५४ मध्ये दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी ती गादी खालसा केली, तेव्हा राणी लक्ष्मीबाईंनी जो हक्क सांगितला तो राज्याचा होता, सुभेदारीचा नव्हता. म्हणजे ‘सुभेदार’ हा शब्द एका कागदात बदलीयोग्य अधिकारी दाखवतो आणि शंभर वर्षांनंतरच्या कागदात राजघराण्याचा मूळपुरुष दाखवतो. कागदाचे साल पाहिल्याशिवाय मी मत देत नाही, ते याचसाठी.

पेशवेपदाचेही असेच झाले. मूळ अष्टप्रधानांतले ते एक पद. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना मिळाले आणि मग त्याच घराण्यात राहिले. तरीही प्रत्येक नव्या पेशव्याला साताऱ्याहून छत्रपतींची वस्त्रे यावी लागत, म्हणजे पद असल्याची खूण शेवटपर्यंत पुसली गेली नव्हती. भोरचे राजे विसाव्या शतकातही ‘पंतसचिव’ म्हणवत आणि औंधचे ‘पंतप्रतिनिधी’. उलट बाजूने पाहिले तर महादजी शिंदे यांनी १७८४ मध्ये शाह आलम बादशहाकडून पेशव्यांसाठी ‘वकील-इ-मुतलक’ (बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी) हे पद मिळवले, दिल्लीचा कारभार हाती घेतला, आणि तरीही स्वतःला ‘पाटील’ म्हणवून घेणेच पसंत केले. मुलूख जिंकून मिळालेली सत्ता जाऊ शकते, वतन मात्र पिढ्यान्पिढ्या राहते, हा मराठी व्यवहार त्यामागे होता.

हे वतन म्हणजेच आपली देशमुखी. वतन हे पद होते, कारण देशमुखाने परगण्याचा आणि पाटलाने गावचा वसूल पाहणे अपेक्षित होते. ते मालमत्ताही होते, कारण ते वंशपरंपरेने चाले, भावांत त्याच्या तक्षिमा (वाटण्या) पडत आणि अडचणीच्या वेळी त्याचा हिस्सा विकताही येई. अर्धी पाटीलकी विकल्याची खरेदीखते मी वाचलेली आहेत. त्यांत शेताच्या बांधासारखे मानपानही वाटून दिलेले असतात: पोळ्याला पुढचा बैल कोणाचा, होळीची पोळी आधी कोणाची, पानसुपारी आणि शिरपाव आधी कोणाला, कागदावर नांगराची निशाणी कोणी आधी करायची. युरोपातला ड्यूक आपल्या किताबाचा अर्धा भाग शेजाऱ्याला विकू शकत नव्हता आणि आपला महापौर आपले पद मुलांत वाटू शकत नाही. म्हणून वतनदाराला नुसता अधिकारी म्हणणे अपुरे आहे आणि उमराव म्हणणे बहुतेक वेळा अतिशयोक्त आहे.

बहुतेक वेळा म्हणतो, कारण आपल्याच जिल्ह्यात अपवाद आहे. सुरगाणा हे संस्थान होते आणि तिथल्या संस्थानिकांचा किताबच ‘देशमुख’ होता. तिथे देशमुख म्हणजे राज्यकर्ता. शेजारच्या एखाद्या परगण्यात मात्र देशमुख म्हणजे वसुलात ठरलेला हक्क घेणारा वतनदार. त्यामुळे आपल्या कागदांत ‘देशमुख’ या शब्दापुढे परगण्याचे नाव काय आहे आणि खाली हक्क कोणते नोंदले आहेत, हे पाहावे लागेल. सनदेत वसुलावरचा हक्क आणि इनाम जमीन नोंदलेली असेल तर ते वतन आहे. फौज बाळगण्याच्या बदल्यात महाल लावून दिलेले असतील तर तो सरंजाम आहे आणि मग ‘सरदार’ या शब्दाला काही आधार मिळतो.

इंग्रजी अमदानीसाठी आणखी एक कसोटी आहे. मुंबई सरकारने दख्खनच्या सरदारांची तीन वर्गांची यादी ठेवलेली होती. आपल्या घराण्याचे नाव त्या यादीत असेल तर ‘सरदार’ हा उल्लेख इतिहास म्हणून योग्य आहे. नसेल आणि सरंजामाचा कागदही नसेल, तर तो शब्द आपण आजच लावत आहात असा त्याचा अर्थ होईल.

‘राजश्री’बद्दल फार लिहायला नको. पेशवाईतील पत्र ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री अमुक गोसावी यांसी’ असे सुरू होते. यावरून कोणी राजा ठरत नाही आणि कोणी गोसावीही ठरत नाही. आजोबांच्या पिढीपर्यंत पोस्टकार्डावर सर्रास लिहिले जाणारे ‘रा. रा.’ याच मायन्याचे वंशज होते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जण या एका शब्दावर राजघराण्याचा इमला उभा करून येतात आणि तो उतरवताना मलाच संकोच वाटतो. मायन्यातून एवढेच कळते की लिहिणाऱ्याने समोरच्याला कोणत्या पायरीवर ठेवले होते. तेही उपयोगी आहे, पण निराळ्या कामासाठी.

कायद्याची बाजू अशी. राज्यघटनेच्या कलम १८ नुसार लष्करी किंवा शैक्षणिक सन्मान वगळता राज्यसंस्था कोणताही किताब देत नाही आणि भारतीय नागरिकाला परदेशाकडून किताब स्वीकारता येत नाही. भारतरत्न आणि पद्म पुरस्कार हे किताब नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले, आणि म्हणूनच ते नावाआधी किंवा नावानंतर जोडू नयेत असेही बजावले. लग्नपत्रिकांवर ‘पद्मश्री’ छापणारे हे सोयीस्करपणे विसरतात. संस्थानिकांची मान्यता आणि तनखे १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संपले. परगणा आणि कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने १ मे १९५१ पासून रद्द झाली, आणि महसुली पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली. आजचा पोलीस पाटील हा १९६७ च्या कायद्याखाली नेमलेला सरकारी माणूस आहे, त्याचे आडनाव काहीही असू शकते. आडनाव म्हणून देशमुख, पाटील, राजेबहाद्दर राहण्याला कोणतीच आडकाठी नाही. जर्मनीनेही १९१९ मध्ये असेच केले: उमरावांचे विशेषाधिकार रद्द केले आणि त्यांचे किताब नावाचा भाग म्हणून राहू दिले. ऑस्ट्रियाने त्याच वर्षी तेवढीही सवलत दिली नाही.

तेव्हा प्रत्यक्ष सल्ला. पत्रिकेत ‘कै. रावबहादूर अमुक, माजी नगराध्यक्ष, यांची खापरपणती’ असे लिहिण्यात काहीही गैर नाही. ते दोन्ही उल्लेख खरे आहेत आणि त्या व्यक्तीपुरते आहेत. हयात वडिलांच्या किंवा काकांच्या नावाआधी ‘रावबहादूर’ लावू नये, कारण तो त्यांना कधी मिळालेला नाही. वधूच्या नावाआधी ‘श्रीमंत’ किंवा ‘राजे’ लावल्यास कोणी शिक्षा करणार नाही, पण निमंत्रितांत एखादा जाणकार असला तर तो मनात हसेल. आधार कार्ड, पासपोर्ट आणि विवाह नोंदणीत मात्र शाळेच्या दाखल्यावर असलेलेच नाव लिहावे, नाही तर पुढे प्रतिज्ञापत्रे करत बसावे लागते.

वाड्याच्या पाटीसाठी माझी सूचना अशी की ‘श्रीमंत सरदार’ऐवजी ‘देशमुख, परगणे अमुक’ असे लिहावे. परगण्याचे नाव सांगणारी पाटी ‘श्रीमंत’ म्हणणाऱ्या पाटीपेक्षा जास्त माहिती देते आणि ती कोणी खोडून काढू शकत नाही. परगण्याचे नाव आपल्या कागदांत लागत नसेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर आणि इनाम कमिशनचे (इनामांचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजकालीन मंडळाचे) कागद पाहावे लागतील. त्याआधी त्र्यंबकेश्वर किंवा रामकुंडावरील आपल्या तीर्थोपाध्यायांकडची वही उघडून घ्यावी, कारण तिथे पूर्वजांनी गाव आणि कुळासह स्वतः सांगितलेली नावे पिढीवार असतात, आणि दफ्तरात शोध घ्यायला तेवढा धागा पुरतो. मोडी सनदेचे छायाचित्र पाठवणार असाल तर शिक्का, मोर्तब (पत्राच्या शेवटचा शिक्का) आणि पाठीमागची बार (दफ्तरात नोंद झाल्याचा शेरा) स्पष्ट दिसतील असे, कागदाच्या दोन्ही बाजूंचे पाठवावे.